मेनिएरची चक्कर आणि पडद्यातून इंजेक्शन: आधी कोणतं, किती आणि कुठे थांबायचं

प्रश्न थोडक्यात असा: आईला मेनिएर, म्हणजे चकरेचे झटके आणणारा आतल्या कानाचा आजार, असल्याचं निदान झालंय. वय ५४. दोन वर्षांपासून उजव्या कानात घूं घूं आवाज येतो, मधूनच कानाला दडा बसतो, आणि महिन्यातून तीन-चार वेळा घर गरगर फिरतं. एकेक झटका अर्ध्या तासापासून चार तासांपर्यंत टिकतो, उलट्या होतात. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात) उजव्या कानाच्या खालच्या फ्रिक्वेन्सी ५० डेसिबलपर्यंत उतरल्या आहेत, डावा कान नॉर्मल. एमआरआयमध्ये काही नाही. मधुमेह आहे. बीटाहिस्टिन ही चकरेवरची गोळी १६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, वर्षभर चालू. मीठही कमी केलंय, पण झटके थांबत नाहीत. एका डॉक्टरांनी कानाच्या पडद्यातून स्टिरॉइड द्यायचं सुचवलं, दुसरे म्हणाले, "जेंटामायसिन देऊन टाकू, विषय संपेल." कोणाचं ऐकायचं? ऐकू येणं जाईल का? ऑपरेशन लागेल का?

आधी स्टिरॉइड. जेंटामायसिन उपयोगी औषध आहे, पण त्याने विषय संपतो असं म्हणणं बरोबर नाही. ते आजार बरा करत नाही. आजारी कानातली तोलाची यंत्रणा ते मुद्दाम निकामी करतं, म्हणजे तो कान मेंदूला चुकीचे संदेश पाठवणं बंद करतो. स्टिरॉइडने भागलं नाही तर जेंटामायसिनकडे जाता येतं, पण एकदा जेंटामायसिन दिल्यावर गेलेलं परत आणता येत नाही. ५० डेसिबलवरचा कान अजून वापरातला कान आहे. तो हातचा घालवायची घाई नको.

पण त्याआधी निदान एकदा घासून पाहा. पडद्यातून दिलेली औषधं जिथे 'लागू पडली नाहीत' असं म्हटलं जातं, तिथे बऱ्याचदा चक्कर मेनिएरची नसतेच, किंवा मेनिएरबरोबर दुसरी एखादी चक्करही असते. बारानी सोसायटी या चक्कर-तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१५ च्या निकषांप्रमाणे पक्कं निदान करायला २० मिनिटं ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके लागतात. शिवाय त्याच कानात खालच्या किंवा मधल्या फ्रिक्वेन्सीचं ऐकणं कमी झाल्याची ऑडिओग्रामवर नोंद आणि कमीजास्त होणारा आवाज, दडा किंवा बहिरेपणा लागतो. तुमच्या आईंच्या वर्णनात हे सगळं बसतं. तरीही त्यांना एक प्रश्न विचारा: अंथरुणात कूस बदलताना, किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना, मिनिटाच्या आत थांबणारी गिरकी येते का?

उत्तर 'हो' असेल तर ती वेगळी चक्कर आहे. कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात, त्यामुळे ती येते. मेनिएरच्या रुग्णांत ही जोडचक्कर दिसतेच. तिला गोळी नको, सुई नको, ऑपरेशन तर नकोच. डोकं एका बाजूला वळवून पटकन उताणं झोपवण्याच्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत ठरावीक दिशेने डोळे थरथरताना दिसले की खडे कुठल्या बाजूच्या मागच्या नलिकेत आहेत ते कळतं, आणि जॉन एप्ली यांनी १९९२ मध्ये मांडलेली डोकं फिरवण्याची पद्धत तिथल्या तिथे करता येते. उजव्या कानासाठी ती अशी: पलंगावर पाय लांब करून बसवायचं, डोकं ४५ अंश उजवीकडे वळवायचं. तसंच पटकन उताणं झोपवायचं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर २० अंशांइतकं खाली लोंबेल असं. गिरकी थांबेपर्यंत, निदान ३० ते ६० सेकंद थांबायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे, पुन्हा तितकंच थांबणं. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, परत थांबणं. हनुवटी छातीशी ठेवून हळूच उठवायचं. उठवताना धरून ठेवा, कारण नेमकं त्याच क्षणी माणूस फेकल्यासारखं मागे जाऊ शकतं. बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो. घरच्या घरी करताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे बाजू चुकते. दुसरी, प्रत्येक टप्प्यावर पुरेसं थांबलं जात नाही, त्यामुळे खडे अर्ध्या वाटेवर राहतात. मानेच्या मणक्याचा खरा त्रास असेल तर हे घरी करू नका.

दुसरं बघायचं ते अर्धशिशी. अर्धशिशीची चक्कर ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत कितीही टिकते. सोबत डोकेदुखी, नाहीतर उजेड-आवाज सहन न होणं असतं, आणि ऐकणं सहसा टिकून राहतं. तिथे कानात काहीही टोचलं तरी फरक पडणार नाही. मधल्या वयातल्या बायकांत या दोन आजारांची सरमिसळ इतकी होते की अर्धशिशीबद्दल न विचारता पडदा टोचणं मला चुकीचं वाटतं.

आणि तिसरी, आपल्याकडची खास भानगड: 'मानेच्या मणक्याची चक्कर'. पन्नाशीनंतरच्या जवळजवळ प्रत्येक मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसतेच, म्हणून पट्टा गळ्यात पडतो आणि कान तपासायचा राहून जातो. प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे हेच सांगितलं होतं की अशा चकरा मेंदूत रक्त साठल्याने येत नाहीत, दोष आतल्या कानात असतो. त्या काळी दोष मेंदूतल्या रक्तावर जायचा, हल्ली मणक्यावर जातो.

पडद्यातूनच का?

आतल्या कानात एका बारीक पिशवीसारख्या जागेत एंडोलिम्फ नावाचा द्रव असतो. मेनिएरमध्ये तो तुंबून पिशवी फुगते. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि त्याच वर्षी जपानमध्ये यामाकावा यांनी, रुग्णांच्या मृत्यूनंतर कानाच्या हाडांचे काप काढून ही फुगवट दाखवली. फुगतं नेमकं कशामुळे याचं एकच उत्तर नाही, म्हणून मूळ कारणावरचा उपायही नाही. आजचे सगळे उपाय झटके रोखण्याचे आहेत.

तोंडावाटे दिलेलं स्टिरॉइड आतल्या कानापर्यंत फार थोडं पोचतं, आणि मधुमेही माणसाची साखर मात्र वर जाते. मध्यकर्ण (पडद्यामागची पोकळी) आणि अंतर्कर्ण (आतला कान) यांच्यामध्ये 'गोल खिडकी' नावाची पातळ पडद्याची जागा असते. औषध मध्यकर्णात भरून त्या खिडकीवर अर्धा तास टेकलेलं ठेवलं, की ते झिरपून थेट आत जातं. एवढ्या थोड्या औषधाचा साखरेवर नावापुरताच परिणाम होतो. तुमच्या आईंच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे.

बीटाहिस्टिनबद्दल एक आकडा माहीत असलेला बरा. जर्मनीत २२१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४८ मिलिग्रॅम, रोज १४४ मिलिग्रॅम आणि नुसती खोटी गोळी असे तीन गट होते. नऊ महिन्यांत तिन्ही गटांत झटके सारखेच कमी झाले. म्हणजे गोळी बंद करा असं नाही. काहींना ती मानवते आणि तिच्यामुळे नुकसान फारसं होत नाही. पण वर्षभर पूर्ण डोस घेऊनही महिन्याला तीन-चार झटके येत असतील, तर डोस वाढवत बसण्यात वेळ घालवू नये. मिठाचंही तसंच. लोणचं, पापड, फरसाण, शेव, बेकरीचे पदार्थ, पाकिटातलं सूप हे कमी करायला हरकत नाही, पण घरातल्या जेवणाची चवच घालवण्याइतका भक्कम पुरावा नाही. त्यापेक्षा मिठाचं प्रमाण दिवसागणिक खालीवर होऊ न देणं आणि कडक निर्जळी उपास टाळणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

टोचतात कसं

भरती व्हावं लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात टेबलावर, मायक्रोस्कोप किंवा एंडोस्कोपखाली सगळं होतं. टोचायला पाच-दहा मिनिटं, नंतर पडून राहायला अर्धा तास.

त्याआधी आठवड्याभरातला ताजा ऑडिओग्राम आणि शब्द ओळखण्याची चाचणी हातात हवी. सुईनंतर ऐकणं कमी झाल्यासारखं वाटलं तर तुलना कशाशी करणार? मध्यकर्णात पाणी, पडद्याला भोक, कान वाहणं यांपैकी काही असेल तर आधी ते निस्तरायचं. पडद्यामागे निळसर किंवा लालसर, धडधडणारं काही दिसलं तर सुई घालायचीच नाही, ती मोठी रक्तवाहिनी किंवा रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यासाठी सहसा थांबवाव्या लागत नाहीत, पण चालू आहेत हे सांगा.

मळ काढून पडदा स्वच्छ दिसला की तो बधिर करतात. फिनॉलमध्ये बुडवलेल्या बारीक काडीने पडद्यावर एक-दोन ठिपके लावले की ती जागा लगेच पांढरी आणि बधिर होते. भूल देणारी क्रीम वापरली तर पाऊण तास ते तास ठेवावी लागते, आणि टोचण्याआधी ती पूर्ण पुसून काढावी लागते. लिग्नोकेन वापरताना ते पडद्याच्या बाहेरच राहिलं पाहिजे. ते भोकातून मध्यकर्णात गेलं तर आतल्या कानाची नसच तात्पुरती बधिर होते, आणि माणूस दोन-चार तास भयंकर गरगरत पडून राहतो. कायमचं नुकसान होत नाही, पण 'इंजेक्शनने चक्कर वाढली' म्हणून रुग्ण परत येत नाही.

चकरेचं दुसरं कारण याहून साधं आहे: थंड औषध. फ्रीजमधलं किंवा एसीच्या खोलीतलं औषध कानात गेलं की कानात थंड-गरम पाणी सोडून तोल तपासण्याच्या कॅलरिक चाचणीसारखीच चक्कर येते, कारण ती चाचणी हेच तर करते. सिरिंज मुठीत चार-पाच मिनिटं धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून औषध अंगाच्या तापमानाला आणायचं. हे विचारायला संकोच करू नका.

एक मिलिलिटरची सिरिंज, तिला २५ ते २७ गेजची लांब स्पायनल सुई. डोकं निरोगी बाजूला ४५ अंश वळवलेलं, म्हणजे आजारी कान वर. बरेच जण आधी पडद्याच्या वरच्या-पुढच्या भागात एक छिद्र हवा बाहेर पडायला करतात आणि मग औषध देतात. बंद खोलीत द्रव भरला तर आतली हवा जायची कुठे? दाब वाढून दुखतं, आणि औषध उलट बाहेर येतं. मध्यकर्णात जागा अर्ध्या मिलिलिटरच्या आसपास, म्हणून ०.४ ते ०.७ मिलिलिटर हळूहळू भरतात, पडद्यामागे द्रवाची पातळी चढताना दिसते.

त्यानंतरचा अर्धा तास निम्मं काम करतो. आजारी कान वर ठेवून पडून राहायचं, बोलायचं नाही, जांभई द्यायची नाही आणि गिळायचं नाही. गिळलं की घशाकडे जाणारी नळी उघडते आणि औषध घशात उतरतं. घशात कडू चव आली तर ते उतरलं असं समजा. थुंकी टिशूत टिपायची. आईंना ही गोष्ट आधीच समजावून सांगा, कारण आपल्याकडे टेबलावर पडलं की सोबतचे नातेवाईक गप्पा सुरू करतात. काही कानांत गोल खिडकीपुढे श्लेष्मल त्वचेची घडी आडवी असते, मग सगळं नीट करूनही औषध आत कमीच जातं. पहिल्या दोन सुयांचा काहीच परिणाम नसेल तर एंडोस्कोपने ती घडी पाहून बाजूला करता येते, पण ही सोय सगळीकडे मिळत नाही.

घरी जाताना सोबत कुणीतरी हवं, दुचाकीवर मागे बसूनही नको, रिक्षा बरी. भोक सुईएवढं असतं, बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत भरतं, क्वचित राहतं. तोपर्यंत कानात पाणी नको, अंघोळीच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा घाला. आणि तेल नको! कोमट तेलाचे दोन थेंब घालायची सवय बहुतेक घरांत आहे. भोक असलेल्या पडद्यातून ते तेल थेट मध्यकर्णात जातं आणि कान वाहायला लागतो.

स्टिरॉइड किती आणि अपेक्षा काय

आपल्याकडे सहज मिळतं ते डेक्सामेथासोन ४ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्याहून तीव्र द्रावण किंवा मिथाइलप्रेडनिसोलोनही वापरतात. मिथाइलप्रेडनिसोलोन टोचल्यावर कान मिनिटभर चुरचुरतो. वेळापत्रकं वेगवेगळी आहेत: सलग पाच दिवस, आठवड्याला एक अशी तीन-चार, किंवा दोन आठवड्यांच्या अंतराने दोन. यांतलं एकच बरोबर असं सिद्ध झालेलं नाही. आठवड्याला एक अशी तीन, मग सहा आठवडे थांबून झटके मोजायचे, हा क्रम बहुतेकांना पेलवतो.

लंडन आणि लेस्टर इथे ६० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. गोळ्यांना दाद न देणारा, एकाच कानाचा मेनिएर. निम्म्यांना मिथाइलप्रेडनिसोलोनच्या दोन सुया, निम्म्यांना जेंटामायसिनच्या दोन. दोन वर्षांच्या शेवटच्या सहा महिन्यांतले झटके उपचाराआधीच्या सहा महिन्यांशी ताडले, तेव्हा स्टिरॉइड गटात ते ९० टक्क्यांनी आणि जेंटामायसिन गटात ८७ टक्क्यांनी कमी झाले होते. दोन औषधांत ठरवण्याजोगा फरक नव्हता. 'आधी स्टिरॉइड' याला माझा मुख्य आधार हाच. बरोबरीचं काम होत असेल तर कान न मारणारं औषध आधी.

पण हे आकडे वाचताना डोळे उघडे ठेवा. मेनिएर आपणहूनही शांत होतो. त्याआधी, २००५ साली आलेल्या एका छोट्या चाचणीत डेक्सामेथासोन गटात ८२ टक्के लोकांची चक्कर दोन वर्षांनी पूर्ण आटोक्यात होती, आणि ज्यांच्या कानात नुसतं खोटं औषध भरलं त्यांच्यातही ५७ टक्क्यांची. म्हणून 'एका सुईत बरं केलं' हा दावा मेनिएरच्या बाबतीत स्वस्तात करता येतो. उलट बाजूने, पहिल्या सुईनंतर आठव्या दिवशी झटका आला म्हणून उपचार फसला असंही नाही. डायरी ठेवा: तारीख, किती वेळ टिकला, कान गच्च झाला होता का, उलटी झाली का. सुरुवातीचे सहा महिने आणि दीड-दोन वर्षांनंतरचे सहा महिने ताडले तरच खरं चित्र कळतं.

स्टिरॉइडने ऐकणं परत येईल किंवा घूं घूं थांबेल अशी आशा धरू नका. काहींना होतं, भरवसा नाही. सुया चक्करेसाठीच आहेत. परिणाम काही महिन्यांनी ओसरला तर पुन्हा देता येतात.

जेंटामायसिनची वेळ केव्हा

स्टिरॉइडच्या दोन फेऱ्यांनंतरही झटके तसेच असतील, झटके एकाच कानातून येतात याची खात्री असेल, दुसरा कान तोलाच्या चाचण्यांतही धड असेल, आणि आजारी कानाचं ऐकणं आधीच बरंच खालावलं असेल, तर. आणखी एक वेगळी निकड आहे. काही रुग्ण चक्कर न येताच, शुद्धीत असताना, कुणीतरी ढकलल्यासारखे धाडकन जमिनीवर पडतात. अशा पडण्याने माकडहाड किंवा डोकं फुटतं. तिथे थांबून पाहण्यात अर्थ नसतो, जेंटामायसिन लवकर पुढे येतं.

दोन्ही कानांत मेनिएर असेल, किंवा ऐकू येणारा तोच एक कान असेल, तर नको. दोन्ही बाजूंचा तोल गेला की चालताना समोरचं सगळं हलतं, पाट्या वाचता येत नाहीत, अंधारात पाऊल टाकता येत नाही, आणि ते आयुष्यभर. मेनिएर काही वर्षांनी दुसऱ्या कानात उतरू शकतो, म्हणूनही पहिल्या कानात जेंटामायसिन हात राखून द्यायचं.

एक प्रश्न आईंच्या माहेरच्या लोकांना नक्की विचारा: आजी, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घेतल्यावर, किंवा जेंटामायसिन, अमिकासिन घेतल्यावर बहिरेपण आलं होतं का? आईकडून मुलांकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियातला एक जनुकीय बदल (१५५५ व्या जागी 'ए' ऐवजी 'जी') ज्यांच्यात असतो त्यांचा कान या गटातल्या औषधाच्या थोड्या मात्रेनेही कायमचा जाऊ शकतो. उत्तर 'हो' असेल तर रक्ताची जनुकीय तपासणी होईपर्यंत जेंटामायसिन नाहीच.

औषध नेहमीचंच, ८० मिलिग्रॅमची २ मिलिलिटरची कुपी, म्हणजे ४० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ते आम्लधर्मी असल्याने झोंबतं, म्हणून काही जण त्यात सोडिअम बायकार्बोनेट मिसळतात, मग तीव्रता २७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. मात्रा तीच, अर्धा मिलिलिटर. टोचायची रीतही तीच.

फरक वेळापत्रकात आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. पूर्वी कानात बारीक नळी बसवून दिवसातून तीनदा, चार दिवस औषध घालायची पद्धत होती. चक्कर थांबायची, पण बऱ्याच जणांचा कानही जायचा. कारण असं की जेंटामायसिनचा परिणाम लगेच दिसत नाही. तोलाच्या केसपेशी त्याला आधी बळी पडतात, ऐकण्याच्या थोड्या नंतर, आणि हे सगळं कळायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. परिणाम दिसण्याआधीच दुसरी, तिसरी सुई दिली तर किती जास्त झालं ते महिन्याभराने कळतं, आणि तेव्हा परतीची वाट नसते. म्हणून एक सुई, मग निदान दोन, शक्यतो चार आठवडे थांबा. मग ऑडिओग्राम, डोक्याला झटका देऊन डोळ्यांची हालचाल मोजणारी व्हिट चाचणी, आणि डायरी. झटके थांबले तर तिथेच थांबायचं, मग एकच सुई झालेली असली तरी. झटके चालू आणि ऐकणं जसंच्या तसं असेल तरच दुसरी. 'चार सुयांचं पॅकेज' कुणी देऊ केलं तर घेऊ नका. अशा पद्धतीने दिलं तरी ऐकणं आणखी कमी होण्याचा धोका शिल्लक राहतोच, फक्त आटोक्यात राहतो. पाच डेसिबल इकडेतिकडे झालं तर घाबरू नये, मेनिएरचा कान तसाही खालीवर होतो. पण शब्द ओळखण्याची टक्केवारी घसरली तर पुढची सुई थांबवायची.

बाजूची खात्री हा विषय इतका साधा आहे की लिहायला संकोच वाटतो. स्टिरॉइड चुकीच्या कानात गेलं तर वाया जातं, जेंटामायसिन गेलं तर निरोगी कान मरतो. टेबलावर झोपण्याआधी आईंनी स्वतः हाताने कान दाखवावा आणि कागदावर 'उजवा' लिहिलेलं वाचून घ्यावं.

सुईनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत तोल जाणं, बोटीवर असल्यासारखं वाटणं, मान वळवली की नजर मागे राहणं, हे होणारच. औषध काम करतंय याची ती खूण आहे. हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरून तातडीच्या विभागात नेतात.

ऑपरेशन

तुमच्या आईंना आत्ता नाही. कानामागून हाड पोखरून एंडोलिम्फच्या पिशवीवरचा दाब सोडवण्याचं ऑपरेशन १९२७ पासून आहे, पोर्तमान यांनी ते पहिल्यांदा केलं. त्याने ऐकणं सहसा टिकतं. पण १९८१ मध्ये डेन्मार्कमध्ये काही रुग्णांवर खरं आणि काहींवर फक्त हाड पोखरण्याचं लुटुपुटूचं ऑपरेशन केलं, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा झाली. त्या आकडेवारीच्या अर्थावर अजूनही वाद आहेत. नलिका बंद करणं, तोलाची नस कापणं, आतला कानच काढून टाकणं, हे त्याहून मोठे उपाय. शेवटच्यात ऐकणं पूर्ण जातं. पडद्यात ग्रॉमेट नावाची बारीक नळी बसवून यंत्राने दाबाचे हबके देण्याचा एक उपायही विकला जातो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत तो वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

झटका येतो तेव्हा, आणि सुईनंतर

झटका आलाच तर प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन-डायमेनहायड्रिनेटची गोळी चालते, जास्तीत जास्त दोन-तीन दिवस. महिनोन्महिने नको. एक तर मेंदूने उरलेल्या कानावर तोल सांभाळायला शिकायचं असतं, आणि या गोळ्या त्या शिकण्यालाच गुंगी आणतात. दुसरं, प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन दीर्घकाळ घेतल्याने वयस्कांत हातांची थरथर आणि हालचालींचा मंदपणा येतो, तो कंपवात समजला जातो, आणि त्यावर आणखी एक गोळी सुरू होते.

चक्कर येताना बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली, चेहरा किंवा हात लुळा पडला, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी झाली, किंवा धरूनही उभं राहता येईना, तर मेनिएरची जुनी फाइल बाजूला ठेवून सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं. कान अचानक पूर्ण बंद झाला तरीही त्याच दिवशी दाखवा. मेनिएर असलेल्या माणसालाही पक्षाघात होऊ शकतो.

जेंटामायसिन द्यायची वेळ आलीच तर व्यायाम सुईच्या आधी शिकून घ्यावेत, नंतर नाही. मुख्य व्यायाम सोपा आहे. हाताच्या अंतरावर अंगठा किंवा भिंतीवर चिकटवलेलं एक अक्षर बघत डोकं डावी-उजवी हलवायचं, अक्षर स्पष्ट दिसत राहील एवढ्याच वेगाने. एक मिनिट, मग वर-खाली एक मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. सुरुवातीला बसून, चार-पाच दिवसांनी उभं राहून, मग भिंतीजवळ चालत. थोडं गरगरलं पाहिजे, गरगरलंच नाही तर वेग कमी पडतोय. उलटी होण्याइतकं झालं तर जास्त. 'विश्रांती घे' म्हणून अंथरुणाला खिळवून ठेवलेले रुग्ण सर्वांत उशिरा सावरतात.

घरात रात्रीचा एक छोटा दिवा कायम लावून ठेवा, खोलीपासून बाथरूमपर्यंत. एका बाजूचा कान गेल्यावर तोलाचं काम डोळे आणि तळपाय करतात, म्हणून अंधारी वाट आणि ओली मोरी हे दोन्ही एकत्र आले की पडणं ठरलेलं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. स्टुलावर चढून माळ्यावरचं काढणं बंद. आणि गावी विहिरीत किंवा नदीत पोहायची सवय असेल तर पुन्हा एकट्याने उतरू नका. गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, पायाखाली जमीन नसते, आणि वर कुठे, खाली कुठे हे सांगायला त्या बाजूचा कान राहिलेला नसतो.